करंडक कुणाचा?

अमेरिकेत शाळकरी मुलींचे सॉफ्टबॉलचे संघ शनिवार-रविवारी आईबापांच्या मोटारींतून गावोगावच्या स्पर्धांना जातात. जोड बरोबरीची लागावी म्हणून एकाच वयोगटातही कुवतीप्रमाणे ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा पायऱ्या असतात. योजना शहाणपणाची; पण काही प्रशिक्षक ‘ए’च्या तोडीचा संघ मुद्दाम ‘बी’त उतरवतात. करंडक मिळतो, पालक खूश होतात.

यात कुणाचे काय गेले? हरणाऱ्या मुलींचे तर गेलेच. धावांचा फरक फार वाढला की सामना लवकर आवरतात. बिचाऱ्यांचे खेळणेच राहून जाते. मला काळजी वाटते ती जिंकणाऱ्यांची. दहा वर्षांखालच्या मुलींना चेंडू ३५ फुटांवरून टाकतात, बारांखालच्यांना ४०, चौदांखालच्यांना ४३. दरवर्षी समोरचा हात जोरकस होत जातो. मंद चेंडू बडवून वाढलेल्या मुलीची नजर तिथे कशी टिकावी? आमच्याकडेही पहिल्या नंबरासाठी मुलाला सोप्या तुकडीत घाला म्हणणारे पालक भेटतातच!

माझ्या भाचीची मुलगी तिकडे खेळते. भाचीने विचारले, “मामा, हिला वरच्या संघात बाकावर बसवू, की खालच्या संघात खेळवू?”

हे निराळे. तिची जोड खालीच बरोबरीची आहे.

“खेळव,” मी म्हटले.