तसबिरीतले पिकलेले केस

गुलमंडी ही छत्रपती संभाजीनगरची जुनी बाजारपेठ. सुपारी हनुमानाचे दर्शन घेऊन माणसे खरेदीला लागतात. अशा बाजारात फोटोचे दुकान असतेच. वडील गेल्यावर तसबीर करायला आलेला मुलगा तिथे हळूच म्हणतो, "केस तेवढे काळे करा." फोटोशॉपमध्ये ते थोड्या वेळाचे काम. केस निवडायचे, वेगळ्या थरावर रंग चढवायचा. मूळ फोटो खाली तसाच राहतो.

माउली, यात दोष आहे का? कुणाला फसवायचे नसते, मायाच तसे बोलायला लावते. फिकट पडलेला फोटो उजळणे तर सेवाच. कागदावरून पुसले गेलेले परत येते. पण पांढरे केस हा कागदावरचा डाग नाही. सत्तरीचा चेहरा आणि तिशीचे केस असा माणूस त्या घरात कधीच नव्हता. तरुणपण आठवायचे तर तरुणपणीचाच फोटो लावावा.

कुणी म्हणेल, पैठणच्या नाथमहाराजांची तसबीर तरी कुठे खरी? महाराजांनी देह ठेवला 1599 मध्ये, फोटोची कला जगापुढे आली 1839 मध्ये. खरे आहे. पण तिथे आपण चित्रकाराचा भाव पाहून नमस्कार करतो. वडिलांच्या फोटोवरून मात्र नातवंडे ठरवणार, आजोबा असे दिसत.

देह नाशिवंत, हे आपण कीर्तनात ऐकतो. मग भिंतीवर ते झाकायचे कशाला? वारीच्या उन्हात आणि संसारात पिकलेल्या त्या मस्तकालाच हार घालावा.

राम कृष्ण हरि.