चालत होती तेव्हाची किंमत

बैलाच्या बाजारात किंमत दातावर ठरते. दोनदाती, चारदाती, सहादाती असा चढता भाव, आणि बैल जुळला की उतरता. म्हातारा झाला म्हणून बैलाचा भाव वाढला, असं माझ्या साठ-पासष्ट वर्षांत मी बघितलं नाही. कामाच्या वस्तूची किंमत कामावर, हा आमचा सरळ हिशेब. जुन्या ट्रकनं मात्र तो खोटा पाडला.

टाटांच्या टेल्को कंपनीनं 1954 साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनू लागले. टाटा मर्सिडीज बेंझ. लांब नाकाचा बॉनेट, पुढं वर्तुळात तीन टोकांची चांदणी. 1969 ला करार संपला, चांदणी गेली आणि तिथं टाटांचा ‘टी’ आला. त्याच्या आधी कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यात डॉज आणि फारगो जुळत होते. कांदा, गूळ, ऊस, वीट, वाळू, लग्नाचं वऱ्हाड, सगळं ह्याच गाड्यांनी ओढलं.

आमच्या थोरल्या चुलत्यांकडं चांदणीची एक गाडी होती. तिच्या धंद्यावर दोन बहिणींची लग्नं झाली, विहिरीचं बांधकाम झालं. पुढं इंजिन तेल प्यायला लागलं, पाटे तुटायला लागले, पासिंगला दरवेळी खर्च. शेवटी भंगारवाला आला आणि गाडी वजनावर गेली. लोखंडाचा भाव वेगळा, पितळेचा वेगळा, हौद्याची लाकडं चुलीला. चुलत्यांनी ठीकच केलं. दारात उभी गाडी कर मागते, जागा अडवते, आणि घरात खाणारी तोंडं असतात. आठवणीला चारा घालण्याची ऐपत सगळ्यांची नसते.

आता शहरातले हौशी लोक त्याच गाड्या शोधत खेडोपाडी फिरतात. आधी मोटारी शोधत, मग लष्करातून लिलावात निघालेल्या जीप. ट्रक सगळ्यात शेवटी, कारण तो ठेवायला खळ्याएवढी जागा लागते. नुसती चांदणी मिळाली तरी घेतात. मग माझ्या मनात प्रश्न येतो, की मधल्या काळात त्या गाडीनं असं काय काम केलं, म्हणून तिचा भाव वाढला? काहीच नाही. ती उभी राहिली आणि बाकीच्या कापल्या गेल्या, एवढंच. म्हणजे उरलेल्या एका गाडीची किंमत ही मेलेल्या शंभर गाड्यांनी दिलेली किंमत आहे. चुलत्यांची गाडी तुटली म्हणून दुसऱ्या कुणाची मोलाची झाली. ह्यात अन्याय आहे का? मला तसं वाटत नाही. पण उरलेल्यानं गेलेल्याची जाण ठेवावी, एवढं मागणं रास्त आहे.

ह्या भावामागं आठवणही आहे. अमेरिकेत फोर्ड, शेवरलेच्या पिकअप गाड्या शेतकऱ्यांच्याच. चारा, खत, वासरं वाहणाऱ्या. त्या गाडीत बापाशेजारी बसलेली पोरं मोठी झाली, हातात पैसा आला, आणि शेतावरच्या गंजक्या गाडीला भाव आला. आपल्याकडंही तेच होतंय. पण आठवणीवर बसलेला भाव आठवणीबरोबर म्हातारा होतो. ज्यांनी कधी हौद्यात पोत्यावर बसून प्रवास केला नाही, ती पोरं उद्या ह्या लोखंडाला काय भाव देतील? म्हणून नफ्यासाठी गोळा करणाऱ्यानं जपून. जीव लावून ठेवणाऱ्याला तोटा नाही.

हौशी लोकांना गाडी ‘ओरिजिनल’ लागते. इथं मला हसू येतं. कंपनी बहुतेक वेळा नुसती चेसी आणि पुढचं तोंड द्यायची. केबिन, हौदा, फाळके आपल्याकडच्या सुतार-लोहारांनी बांधले. नंतर मिस्तरीनं कुठला पार्ट कुठं बसवला, त्याची गणती नाही. मग मूळ गाडी कोणती? कारखान्यातून निघाली ती, की पन्नास हातांनी जगवली ती? माझ्या लेखी वेल्डिंगचा प्रत्येक डाग ही त्या गाडीची कमाई आहे.

2021 साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात ठेवलेली, घरगुती वापराची दुचाकी किंवा मोटार ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. अट अशी, की ती धंद्याला लावायची नाही, रोजच्या वापरात आणायची नाही. अपघात आणि धूर बघता अट चुकीची नाही. पण मी ती वाचून थांबलो. मान मिळतो, पण काम सोडल्यावर. आणि जी सगळा जन्म कामच करत आली, त्या मालगाडीचं नाव त्यात कुठं बसतं?

माणसांचंही आपण असंच करतो. ज्या डायवरनं रात्र रात्र घाट उतरवले, ज्या किन्नरनं चढावर चाकामागं दगड लावले, त्यांना गाडी चालत होती तेव्हा आपण अरे-तुरे केलं, हिशेबात दोन रुपये कापले. आता गाडीला पॉलिश होतं, फोटो निघतात. डायवर गावात कुठंतरी मोतीबिंदूचे डोळे घेऊन बसलेला असतो, त्याला विचारायला कुणी जात नाही. गाडी सांभाळणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. ते नसते तर नातवंडांना दाखवायला एक चाकही उरलं नसतं. माझं म्हणणं एवढंच, की गाडी घेताना ती कुणी चालवली, ते विचारा. तो जिवंत असला तर एकदा त्याला त्या सीटवर बसवा. आणि आज जो ट्रॅक्टर, जो बैल, जो गडी आपल्या रानात राबतोय, त्याचा भाव करताना पन्नास वर्षं थांबू नका.