एका मताने काय होणार?



मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात आपण बोलत उभे राहतो, तेव्हा विषय बहुधा तेच असतात. गटार तुंबले, नळाला पाणी नाही, कचऱ्याची गाडी फिरकली नाही. ही कामे दिल्लीची नव्हेत, महापालिकेची आहेत. तरीही लोकसभेसाठी रांगेत उभे राहणारे आपल्यातील कित्येकजण महापालिकेच्या मतदानाला मात्र सुट्टी साधून बाहेरगावी जातात. शेजारच्या मुंबईत २०१२ साली सुमारे ४५ टक्के आणि २०१७ साली सुमारे ५५ टक्के मतदान झाले. म्हणजे जवळपास निम्मे मतदार घरीच राहिले.

विचारले तर उत्तर येते, "फादर, माझ्या एका मताने काय होणार?"

याच २०१७ च्या निवडणुकीत मुंबईच्या प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मते पडली आणि नगरसेवक चिठ्ठी टाकून ठरवावा लागला. घरी बसलेल्यांपैकी एकाने त्या दोघांपैकी कोणाला मत दिले असते, तर ती चिठ्ठी टाकावी लागली नसती.

पण असे क्वचितच घडते. एरवी एका मताने निकाल बदलत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करू या. मग कर्तव्य संपले का? एकाने कर चुकवला म्हणून सरकारी तिजोरी रिकामी होत नाही; तरी कर चुकवणे योग्य ठरत नाही. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने (परिच्छेद २२४०) कर भरणे आणि मतदान करणे ही दोन्ही नैतिक कर्तव्ये एकत्रच सांगितली आहेत. सर्वांच्या हिताचे ओझे सर्वांनी मिळून उचलायचे असते. आपल्या वाट्याचे वजन थोडे आहे म्हणून खांदा काढून घेतला, तर ते शेजाऱ्याच्या खांद्यावर पडते.

"मत दिले नाही म्हणून मी कोणाचे वाईट तर केले नाही ना?" असेही आपण म्हणतो. प्रभू येशूच्या दाखल्यातील चाकरानेही धन्याचे धन बुडवले नव्हते. त्याने ते जमिनीत पुरून ठेवले आणि जसेच्या तसे परत केले. तरीही धन्याने त्याला दोष दिला. मत तर पुरूनही ठेवता येत नाही. मतदानाची वेळ संपली की ते वाया जाते.

कोणीच उमेदवार योग्य वाटत नसेल, तर तसे नोंदवण्यासाठी 'वरीलपैकी कोणीही नाही' हा पर्याय २०१३ पासून आहे. घरी बसणाऱ्याचा निषेध मात्र कोणाला कळतच नाही.

आपल्या वसई-विरार महापालिकेची मुदत जून २०२० मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. मधली पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचा कारभार होता आणि गाऱ्हाणे घेऊन जायला आपण निवडलेला नगरसेवक नव्हता. ते दिवस आपण विसरू नये.

मत कोणाला द्यावे, हे आम्ही धर्मगुरू सांगणार नाही; तो ज्याच्या त्याच्या सद्सद्विवेकाचा निर्णय आहे. इतकेच सांगतो: मतदारयादीत आपले नाव आहे का, ते आजच तपासा. घरात अठरा वर्षे पूर्ण झालेली मुले असतील, तर त्यांचे नाव नोंदवा. आणि मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाताना शेजारच्या म्हाताऱ्या आजीलाही हात धरून सोबत न्या.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू