त्रिकुटाचे एकत्व

कुक्कुटप्रदर्शनात बहुतेक पक्षी एकेकटे मांडले जातात. तथापि एक कोंबडा आणि दोन कोंबड्या मिळून एकच प्रवेशिका भरण्याची, अमेरिकेत ‘ट्रायो’ म्हणून ओळखली जाणारी पद्धतही जुनी आहे. या त्रिकुटातील तिन्ही पक्षी एकाच जातीचे आणि एकाच रंगप्रकाराचे असावे लागतात. कोंबडा वर्षावरचा असेल तर माद्याही वर्षावरच्या, तो तरणा असेल तर सोबत तलंगा. प्लायमाउथ रॉक जातीच्या एखाद्या कोंबडीच्या तुऱ्याला पाचाऐवजी सहा दाते निघाले, तर दोष तिचा एकटीचा असूनही उणेपणा येतो तो साऱ्या पिंजऱ्याला. उलट तीन मध्यम पक्षी परस्परांशी उत्तम जुळत असतील, तर वेगवेगळे पाहता सरस ठरणाऱ्या पण बेमेळ तिघांवर ते मात करू शकतात. मग ज्याचे गुणदोष पाहिले जातात ती वस्तू कोणती, आणि जो मेळ तिघांपैकी एकातही नाही तो राहतो कोठे?

न्याय-वैशेषिक दर्शनांत ‘अवयवी’ म्हणजे अवयवांहून भिन्न, पण त्यांच्यातच समवायाने म्हणजे नित्य संबंधाने राहणारे द्रव्य. तंतूंहून निराळे वस्त्र हे त्याचे नेहमीचे उदाहरण. परंतु सैन्य किंवा वन यांना नैयायिक असे द्रव्य मानत नाहीत, आणि एका पिंजऱ्यातील तीन पक्ष्यांनाही ते मानणार नाहीत, हे उघड आहे. वैशेषिकांच्या मते द्वित्व, त्रित्व इत्यादी संख्या पदार्थांत उपजत नसतात. ‘हा एक, हा एक’ असे अनेक एकत्वांना एकत्र धरणाऱ्या जाणिवेतून, म्हणजे ‘अपेक्षाबुद्धी’तून त्या उत्पन्न होतात आणि ती बुद्धी सरली की नाहीशा होतात. या मताने परीक्षक पुढच्या पिंजऱ्याकडे वळताच मागचे त्रिकूट त्रिकूट म्हणून उरत नाही. बौद्धांना एवढेही मान्य होणार नाही. सुट्या भागांच्या जुळणीला दिलेल्या ‘रथ’ या नावाप्रमाणे त्रिकूट हेही त्यांच्या लेखी केवळ व्यवहारापुरते नाव.

ही उत्तरे तर्कशुद्ध असली तरी अपुरी आहेत, कारण हे त्रिकूट म्हणजे मोजून घेतलेले कोणतेही तीन पक्षी नव्हेत. यांच्यापासून पुढची पिढी निपजावी, असा त्याच्या रचनेचा मूळ अभिप्राय आहे. येथे मीमांसा दर्शन अधिक उपयोगी पडते. अनेक पदांचे एक वाक्य केव्हा होते, याचा मीमांसासूत्रकार जैमिनींनी दिलेला निकष दुहेरी आहे: त्या पदांचे प्रयोजन एक असले पाहिजे, आणि ती विलग केल्यास प्रत्येक पद ‘साकांक्ष’, म्हणजे दुसऱ्याची अपेक्षा बाळगणारे, राहिले पाहिजे. कोंबडा बाजूला काढला तर उरलेल्या दोघींपासून पिढी चालत नाही. तेव्हा त्रिकूट हे वाक्यासारखे एक आहे, असे म्हणता येते.

मात्र प्रदर्शनाच्या इतिहासाने या उत्तरालाही पेचात आणले आहे. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशन 1873 मध्ये बफलो येथे स्थापन झाली आणि 1874 मध्ये तिने जातींचे आदर्श-लक्षण ग्रंथरूपाने ठरवून दिले. पट्टेरी, म्हणजे ‘बार्ड’, प्लायमाउथ रॉकचा नर आणि मादी शेजारीशेजारी उभे केले असता एकाच छटेचे दिसावेत, अशी प्रदर्शनात अपेक्षा असे. निसर्गाला ते सहजासहजी साधत नाही: पट्टे उमटवणारे जनुक लिंगसूत्रावर असते, नराला त्याच्या दोन प्रती मिळू शकतात आणि मादीला फार तर एक, तीही केवळ बापाकडून, त्यामुळे एकाच वंशातला नर फिकट आणि मादी गडद निघते. पाळणाऱ्यांनी यावर दुहेरी वंशाची तोड काढली. प्रदर्शनायोग्य नर हवे असतील तर तशा नराला फार गडद माद्या द्यायच्या. प्रदर्शनायोग्य माद्या हव्या असतील तर त्यांना फार फिकट नर द्यायचा. या गडद माद्या आणि फिकट नर बक्षिसाच्या पिंजऱ्यात सहसा दिसत नसत.

अशा रीतीने जमवलेल्या त्रिकुटात मेळ अचूक असतो, पण नर एका वंशाचा आणि माद्या दुसऱ्या वंशाच्या असतात, आणि त्यांच्या संकरातून त्यांच्यासारखी संतती मिळण्याची खात्री नसते. जैमिनींचा निकष कठोरपणे लावला तर येथे आकांक्षेचा केवळ देखावा उरतो. प्रयोजन खरोखर एक असलेले त्रिकूट म्हणजे तो कोंबडा आणि घरच्या खुराड्यातल्या त्या दोन गडद माद्या, ज्यांना रंग जुळत नाही म्हणून कोणताही परीक्षक पहिल्याच नजरेत बाजूला सारील.