पसंतीक्रम कोणाचा?

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल लागला, की आमच्या बावधनातून पौडच्या तहसील कचेरीकडे खेपा घालणाऱ्यांत काही ओळखीचे चेहरे दिसू लागतात. काखेत फाइल, तीत अधिवासाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जातवैधतेची पोच, आणि मनात एकच धास्ती, की ७२० पैकी कष्टाने मिळवलेले गुण एखाद्या कागदाच्या अभावी व्यर्थ जातील. ही धास्ती सर्वस्वी निराधार नाही. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून, तर उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या सीईटी कक्षामार्फत भरल्या जातात. अर्ज निराळे, मुदती निराळ्या, आणि मिळालेली जागा सोडण्याचे नियमही निराळे. ज्या घरात आधीच कोणी डॉक्टर आहे तेथे हे ज्ञान मुलाला जेवताजेवता मिळते. इतरांस ते विकत घ्यावे लागते. श्रमाचा मोबदला घेणाऱ्या समुपदेशकास मी दोष देणार नाही. परंतु जो नियम सरकारने सर्वांसाठी जाहीर केला आहे, तोच जणू आपल्या दप्तरातले गुपित आहे अशा थाटात जो विकतो, त्याच्या धंद्याचे भांडवल म्हणजे पालकांचे भय होय.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ या नावाने गरीब मुलांना विनामूल्य शिकवण्याचा उपक्रम उभा केला, तो मला याचसाठी मोलाचा वाटतो. नुकताच जो उंबरठा ओलांडला, त्याच्याशीच दुसऱ्यासाठी थांबावे, हे त्या वयात सहज सुचत नाही.

मात्र साहाय्यालाही मर्यादा असावी. महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाचेच पाहा. यंत्रणा यादी वरून खाली वाचते आणि गुणानुक्रमे पाळी येताच शिल्लक जागांपैकी सर्वांत वरची देते. दुर्लभ महाविद्यालय वर लिहिल्याने खालच्या जागेवरील हक्क जात नाही, एवढे समजावून सांगणे हे जाणत्याचे कर्तव्य. पण नांदेड किंवा अकोल्याचे शासकीय महाविद्यालय आधी लिहावे की पुण्याजवळचे महागडे खाजगी, पदवीनंतरची एक वर्षाची सक्तीची शासकीय सेवा पत्करावी की कसे, हे शिकणाऱ्या मुलीने ठरवावयाचे. हितचिंतकाने नव्हे, आणि (वडीलमंडळींनी रागावू नये) केवळ वडिलांनीही नव्हे.

मदत घेऊनही निर्णय आपला ठेवता येतो. आनंदीबाई जोशींना अमेरिकेत थिओडिशिया कार्पेंटर यांच्यासारखी स्नेही लाभली. तिने घर दिले, ओळखी दिल्या. तरीही १८८३ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाकडे धाडलेला अर्ज आनंदीबाईंचा स्वतःचा होता, आणि प्रवेशाच्या साऱ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे अठरा वर्षांच्या त्या मुलीने त्यात झाकून ठेवले नाही. दुसऱ्या कोणा चतुर माणसाने तो लिहिला असता, तर ही कबुली बहुधा प्रथम गाळली गेली असती. १८८६ च्या मार्चमध्ये त्या एम. डी. झाल्या.

आजच्या मध्यस्थांपैकी कित्येक जण उमेदवाराच्या प्रवेश-अर्जाचा पासवर्डच स्वतःपाशी ठेवतात, आणि पालक तो कृतज्ञतेने देतात. आमच्या सोसायटीतले कोणी ‘काका, यादी तुम्हीच भरून टाका’ म्हणत आले, तर मी खुर्ची मुलीला देतो, आणि तिच्या वडिलांना चहाला घेऊन बाहेरच्या खोलीत बसतो.