खालची टाकी

एका गावात दातांचे एक डॉक्टर होते. दवाखान्यात येणारी पोरं खुर्चीत बसायच्या आधीच रडायला लागायची, म्हणून त्यांनी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी बसवून घेतली. चार फूट लांब, दीड फूट रुंद. तिच्यात केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे जोकर मासे सोडले. पोरं काचेला नाक लावून उभी राहू लागली आणि रडणं निम्म्यावर आलं.

टाकी बसवायला एक म्हातारे काका आले होते. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात त्यांनी दाते पाडलेला काळा कठडा लावला. दाते म्हटल्यावर डॉक्टरांना तो फार आवडला. त्या दात्यांवरून सांडलेलं पाणी नळीतून खालच्या कपाटात उतरे. तिथे दुसरी टाकी होती, तिला सम्प म्हणतात. तिचे तीन कप्पे. पहिल्यात घाण अडे, मधल्यात स्किमर फेस काढी आणि शेवटच्या कप्प्यातला पंप स्वच्छ पाणी पुन्हा वर चढवी.

सगळं सुरळीत चालू झालं तेव्हा काकांनी मुद्दाम प्लग काढला. पंप थांबला. वरचं पाणी तरीही उतरतच राहिलं. खालची टाकी चढत चढत काठाखाली दोन बोटांवर येऊन थांबली. काकांनी मान हलवली, प्लग लावला. खालचं पाणी ओसरून जिथे स्थिरावलं, तिथे त्यांनी शेवटच्या कप्प्याच्या काचेवर बाहेरून निळी पट्टी चिकटवली. तिच्याखाली चार बोटांवर लाल.

दवाखान्यात मदतीला एक मुलगा होता. टाकीची देखभाल त्याच्याकडे आली. त्याने विचारलं, “काका, एवढी जागा मोकळी कशाला ठेवलीत?”

“लाइट गेली की वरचं पाणी खाली येणार. ते कुठे जाईल?” काका म्हणाले. “निळ्याच्या वर पाणी नको, लालच्या खाली नको. कमी झालं की गोडं पाणी घालायचं, आर.ओ.चं. आणि रोज कपाट उघडून बघायचं.”

मुलगा कामसू होता. रोज सकाळी वरची काच आतून-बाहेरून पुसायचा, दिवा लावायचा, माशांना मोजून दाणे टाकायचा. पहिले काही दिवस कपाटही उघडून बघितलं. पुढे ते राहून गेलं. वरच्या टाकीत पाणी कठड्याच्या दात्यांपर्यंत भरलेलं असे. सकाळी तेवढंच, संध्याकाळी तेवढंच. मग खाली वाकायचं कशाला?

उन्हाळा लागला. पंखे दिवसभर गरगरू लागले. टाकीतलं पाणी रोज दोन-अडीच लिटर उडून जाऊ लागलं. पण कठड्यावरून जेवढं सांडे तेवढं पंप वर चढवी, म्हणून वरची पातळी केसभरही हलेना. सगळी तूट खालच्या शेवटच्या कप्प्यात पडत होती, रोज बोटभर. निळी पट्टी उघडी पडली, काही दिवसांनी लालही.

दवाखान्यात झाडलोट करायला एक मावशी येत. त्या उकिडव्या बसून फरशी पुसत, तेव्हा त्यांचे डोळे बरोबर सम्पच्या उंचीवर येत. कपाटाचं दार वायरींमुळे नीट लागत नसे. एका सकाळी त्या म्हणाल्या, “अरे, तुझ्या त्या लाल पट्टीच्या पार खाली पाणी गेलंय. आणि आतला आवाज बदललाय.”

मुलाने वर बोट दाखवलं. “मावशी, टाकी तर काठोकाठ भरलीय की.”

मावशींनी फडका पिळला आणि पुढची खोली पुसायला घेतली.

तीन दिवसांनी पंप खरखरायला लागला. पाण्याबरोबर हवा ओढू लागला आणि वरच्या टाकीत बारीक बुडबुड्यांचा धूर झाला. मासे कोपऱ्यात गोळा झाले. मुलाने घाबरून कपाट उघडलं. शेवटच्या कप्प्यात पंप निम्मा उघडा पडला होता. पाणी बदलण्यासाठी मीठ कालवून ठेवलेला ड्रम शेजारीच होता. समुद्रातल्या माशांना समुद्राचंच पाणी बरं, असं म्हणून त्याने त्यातल्या चार बादल्या ओतल्या. पुन्हा अशी वेळ नको म्हणून सम्प काठापर्यंत भरला. कप्प्यांमधल्या काचा बुडाल्या, निळी पट्टी कुठच्या कुठे खाली राहिली. खरखर थांबली. मुलगा निश्चिंत घरी गेला.

रात्री वीज गेली.

पहाटे ती परत आली. सकाळी मुलाने दार उघडलं तर फरशीवर पाणीच पाणी, पेशंटांची बाकं त्यात उभी. वरची टाकी मात्र जशीच्या तशी भरलेली. खालचीही काठापासून बरीच उतरलेली. “टाकी फुटली!” तो ओरडला. डॉक्टरांनी काकांना बोलावणं धाडलं.

काकांनी आल्यावर वरच्या टाकीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गुडघे टेकून ते कपाटाशी बसले. सम्पच्या जोडांवरून अंगठा फिरवला, सगळे कोरडे. मग त्यांनी विजेरी तिरकी धरली. काचेच्या चारी बाजूंनी, थेट काठापासून तळापर्यंत, मिठाचे पांढरे ओघळ वाळले होते.

“फुटली नाही, उतू गेलीय,” ते म्हणाले. “वरच्या टाकीतलं इंचभर पाणी म्हणजे साडेतेरा लिटर. ते आलं, आणि त्याला जागाच नव्हती.”

मग खारेपणा मोजायला त्यांनी थेंबभर पाणी रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकलं. घनता 1.025 असायला हवी होती, ती 1.027 कडे सरकलेली. मुलाला वाटलं होतं पाणी गेलं म्हणजे खारं पाणी गेलं. पण पाणी एकटंच उडतं, मीठ टाकीतच राहतं. त्याच्यावर त्याने लिटरमागे 35 ग्रॅम मिठाचं पाणी घातलं होतं. काकांनी थोडं पाणी उपसलं. त्याच्या जागी गोडं पाणी एकदम ओतायचं नाही, दोन दिवसांत हळूहळू घालायचं, असं बजावलं.

“कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?” डॉक्टरांनी विचारलं.

मुलगा मान खाली घालून म्हणाला, “मावशींच्या आलं होतं.”

वरच्या टाकीकडे पाहून काही कळण्यासारखं नव्हतंच. पाणी उडालं तरी ती तेवढीच, उतू गेलं तरी तेवढीच. तिची पातळी कायम राहावी म्हणून खालचा एक कप्पा रोज उतरत होता, आणि वरून येणारा लोंढाही त्यालाच झेलायचा होता. जिथे वर सगळं जागच्या जागी दिसतं, तिथे खाली कोण काय सोसतंय ते वाकल्याशिवाय दिसत नाही. आणि जे रोज वाकतात, त्यांना कुणी विचारत नाही.

काकांनी जायच्या आधी पट्ट्या नव्या लावल्या आणि मावशींना हाक मारली. “ताई, उद्यापासून हे तुमच्याकडे. निळ्यापर्यंत गोडं पाणी, वर एक थेंब नाही. जमेल?”

मावशींनी पट्ट्यांकडे एकदा पाहिलं आणि मग डॉक्टरांकडे.

“जमेल की. पण याचे पैसे वेगळे ना, डॉक्टर?”

डॉक्टरांनी आकडा सांगितला. मावशींनी तो थोडा वाढवून घेतला आणि आर.ओ.चा कॅन कुठे ठेवलाय ते मुलाला विचारलं.