परक्या गावाचं दूध

वाचन : लूक १०:१-९

येशूने सत्तर जणांना दोघादोघांनी गावोगाव धाडलं, तेव्हा सोबत पैसे घेऊ दिले नाहीत, झोळीही घेऊ दिली नाही. ज्या घरात पाय ठेवाल तिथेच उतरा आणि घरची माणसं वाढतील ते जेवा, एवढीच त्यांची शिदोरी. मोठी सुवार्ता सांगायला निघालेल्या माणसांना आधी परक्याच्या ओसरीवर पानाची वाट पाहत बसायचं होतं.

हा उतारा वाचला की मला अ‍ॅन आणि अ‍ॅडोनिराम जडसन आठवतात. फेब्रुवारी १८१२मध्ये त्यांचं लग्न झालं आणि दोनच आठवड्यांत हे अमेरिकन मिशनरी जोडपं जहाजात बसलं. त्याच वेळी निघालेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट पुढे मुंबईला आले आणि त्यांच्या कामातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. जडसन पतिपत्नी जुलै १८१३मध्ये ब्रह्मदेशात, रंगूनला उतरले.

तिथे पहिली गरज पडली ती शब्दांची. शिकवणाऱ्या गुरुजींना इंग्रजी येत नव्हतं. हे दोघे एकेका वस्तूकडे बोट दाखवत आणि गुरुजी तिचं ब्रह्मी नाव सांगत. घर चालवायचं काम अ‍ॅनकडे होतं. दिवसभर नोकरमाणसांशी आणि बाजारकरणींशी बोलावं लागे, म्हणून बोलीभाषा तिच्या तोंडी नवऱ्याच्या आधी बसली. अ‍ॅडोनिरामने पुढे संपूर्ण बायबल ब्रह्मी भाषेत आणलं. त्या भाषेची सुरुवात अशी बोट दाखवून, विचारून झाली होती.

१८१६च्या मे महिन्यात त्यांचा मुलगा रॉजर गेला. आठ महिनेही पुरे झाले नव्हते. रंगूनच्या सुभेदाराची पत्नी लवाजम्यासह समाचाराला आली. मला का कळवलं नाहीत, मी अंत्यविधीला आले असते, असं ती कळवळून म्हणाली. काही दिवसांनी तिने या दोघांना हत्तीवर बसवून शहराबाहेर नेलं. तिथे स्वतः फळं सोलून दिली, फुलं गुंफून अ‍ॅनच्या हाती ठेवली. तिचा धर्म वेगळा होता, मान मोठा होता. पण लेकरू गमावलेल्या बाईपाशी बसायला एवढं मोठेपण तिला आड आलं नाही. त्या दिवशी अ‍ॅनने काही शिकवलं नसेल. तिने फक्त ती फुलं घेतली.

पुढे १८२४मध्ये इंग्रज आणि ब्रह्मदेश यांच्यात युद्ध पेटलं. गोरा माणूस म्हणजे हेर, या संशयाने अ‍ॅडोनिरामला राजधानी आवा इथे बेड्या ठोकल्या. भाषांतराचं हस्तलिखित अ‍ॅनने एका टणक उशीत शिवून तुरुंगात पोचवलं. पुढे कैद्यांना अचानक हलवलं, उशी तिथेच फेकली गेली. मौंग इंग नावाच्या ब्रह्मी विश्वासूने आपल्या गुरूची आठवण म्हणून तो गठ्ठा उचलून घरी नेला. आत काय आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या या मायेमुळे ते भाषांतर बचावलं.

नव्या तुरुंगाच्या गावी, आउंगपिन्लेला, अ‍ॅन तान्ह्या मारियाला घेऊन पोचली. सोबत आणलेल्या एका मुलीला देवी आल्या, तेव्हा अ‍ॅनने तुरुंगाधिकाऱ्याच्या मुलांना देवी टोचल्या. ते ऐकून गावातल्या आयाही आपापली पोरं घेऊन आल्या. मग अ‍ॅनच अंथरुणाला खिळली. तिचं दूध आटलं. त्यांच्या बंगाली स्वयंपाक्याने जातपात बाजूला ठेवून तिची सेवा केली, लाकूडपाण्यासाठी मैलोगणती चालला, स्वतः सांजवेळेपर्यंत उपाशी राहिला आणि पगाराचं नावही काढलं नाही. शेवटी पहारेकऱ्यांना भेटी देऊन अ‍ॅनने अ‍ॅडोनिरामला थोडा वेळ बाहेर सोडवून घेतलं. तो रोडावलेलं बाळ हातांवर घेऊन दारोदार फिरला आणि लेकुरवाळ्या बायांकडे त्याच्यासाठी दूध मागू लागला.

या प्रसंगापाशी मी दर वेळी थांबते. जीवनाची भाकर द्यायला हजारो मैल आलेला माणूस परक्या गावात लेकरासाठी दूध मागतो आहे. मला त्यात त्याच्या कामाचा पराभव दिसत नाही. त्या सत्तर जणांना रिकाम्या हाताने का धाडलं, ते मला इथे कळतं. फक्त देत राहणाऱ्याचा आदर होतो. मैत्री मात्र त्याच्याशी होते, ज्याला आपणही काही देऊ शकतो. येशूनेसुद्धा विहिरीवरच्या शोमरोनी बाईशी बोलणं काढलं ते पाणी मागूनच.

शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही आपल्याकडची रीत. ती आम्ही मनापासून पाळतो. पण कुणी भांडं घेऊन दारात उभं राहिलं की “कशाला त्रास घेतलात, आमच्याकडे सगळं आहे,” असंही चटकन म्हणतो. मंडळीतल्या आजाऱ्यांना डबे पोचवणाऱ्या आम्हा बायकांना स्वतः आजारी पडल्यावर डबा मागवायला जड जातं. सेवा करता करता अभिमान असा हळूच घरात येऊन बसतो. आज कुणी काही देऊ केलं, तर ते “हो, हवं होतं मला” म्हणून घ्यावं. भांडं भरून परत करण्याआधी ते भरलेलं घ्यावं लागतं.

प्रार्थना : प्रभू, आम्हाला देण्याची शक्ती दिलीस, तशी मागण्याची नम्रताही दे. ज्यांच्या दारी आम्ही तुझं नाव घेऊन जातो, त्यांच्या हातून तूही आम्हाला काही देत असतोस, हे ओळखू दे. आमेन.